‘काय लेक’ : ये, जेव

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १, २ आणि ३ क्रमांकाच्या गाड्यांचा रंग एकच, लाल. ९६ व्या रस्त्यापर्यंत तिन्ही एकाच मार्गानं धावतात. तिथून पुढं १ क्रमांकाची गाडी ब्रॉडवेखालून सरळ कोलंबिया विद्यापीठाकडे जाते, तर २ आणि ३ उजवीकडे वळतात आणि सेंट्रल पार्कच्या वरच्या कोपऱ्याखालून हार्लेममध्ये शिरतात. घोळ असा की दोन्ही मार्गांवर ‘११६ वा रस्ता’ याच नावाचं स्टेशन आहे. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यांची एक चूक ठरलेली. फोनमध्ये डोकं घालून बसलेला मुलगा ‘११६’ ऐकून उतरतो, जिना चढून वर येतो आणि बघतो तर विद्यापीठाच्या कमानीऐवजी समोर मशिदीचा कांद्याच्या आकाराचा घुमट. माल्कम एक्स यांचं नाव असलेली ही मशीद. विद्यापीठ याच रस्त्यावर आहे, पण पश्चिमेला, मधलं बाग आणि टेकाड चढून गेल्यावर. पायी वीसेक मिनिटं.

महाराष्ट्रातून शिकायला गेलेला असा चुकलेला मुलगा पश्चिमेकडे चालू लागला, की दोन-तीन चौकांतच आपण अमेरिकेत आहोत हे विसरतो. दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये. बायकांच्या डोक्याला कडक कांजी केलेली रंगीत फडकी, पुरुषांच्या अंगात घोट्यापर्यंतचे ढगळ झगे. केसांच्या बारीक वेण्या घालून देणारी दुकानं, हलाल मटणाची दुकानं, काचेला चिकटवलेलं एका काळसर सावलीसारख्या फकिराचं चित्र. ते शेख अहमदू बांबा. फ्रेंचांनी ज्यांना कित्येक वर्षं देशाबाहेर ठेवलं, ते सेनेगलचे सुफी संत. आणि मधूनमधून खाणावळी. पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगलमधून, १९८० च्या दशकापासून येत गेलेल्या लोकांनी वसवलेल्या या भागाला न्यूयॉर्कवाले ‘लिटल सेनेगल’ म्हणतात.

मुलगा एखाद्या खाणावळीच्या दाराशी घुटमळतो. आतलं टेबल दारालाच लागून. तिथं जेवत असलेला माणूस हात तसाच ताटात ठेवून वर बघतो आणि म्हणतो, ‘‘काय लेक!’’

मराठी कानाला हे चक्क मराठी वाटतं. गावाकडच्या म्हाताऱ्यानं ‘काय रे लेका’ म्हणावं तसं. पण ही वोलोफ भाषा आहे. सेनेगलमध्ये घराघरात बोलली जाते ती. ‘काय’ म्हणजे ये, ‘लेक’ म्हणजे जेव.

आपल्याकडेही ओसरीवर जेवणारा माणूस वाटेनं जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो. जाणारा ‘असू द्या, चालू द्या तुमचं’ म्हणतो. दोघांनाही ठाऊक असतं की हे म्हणायचं असतं आणि यायचं नसतं. सेनेगलमधल्या ‘काय लेक’ला मात्र निदान एक घास घ्यावाच लागतो. नाही घेतला तर बोलावणारा मनाला लावून घेतो. या पाहुणचाराला त्यांचा शब्द आहे ‘तेरांगा’. त्यांच्या फुटबॉल संघालासुद्धा ‘तेरांगाचे सिंह’ म्हणतात. आता पाहुणचार आणि सिंह यांचं काय नातं, हे त्यांनाच विचारावं!

रमजानमध्ये दुपारी या खाणावळी थंड असतात. सूर्य कलला की हलतात. सध्या रमजान न्यूयॉर्कच्या थंडीच्या शेवटी येतो, म्हणजे बाहेर बोचरा वारा आणि आत काचांवर धरलेली वाफ. टॅक्सीवाले, सामान पोचवणारे, फूटपाथवर पिशव्या-घड्याळं विकणारे असे सगळे मगरिबच्या आधी येऊन बसतात. रोजा सोडण्याला वोलोफमध्ये ‘न्दोगू’ म्हणतात. महाराष्ट्रातला रोजेदार इथं पहिल्यांदा बसला तर बुचकळ्यात पडेल. खजूर आहे, इथपर्यंत ठीक. पण पुढं भजी नाहीत, कापलेलं कलिंगड नाही. आहे लांबट फ्रेंच पाव, त्याला लोणी, आणि वाफाळती कॉफी! नाहीतर किंकेलिबा नावाच्या झुडपाच्या पानांचा चहा. थोडक्यात, सकाळचा नाश्ता संध्याकाळी. विचार केला तर त्यात चूक काहीच नाही. दिवसभराचा उपास सुटतो तेव्हाच त्यांचा दिवस उजाडतो.

ही कॉफीही साधी नाही. ‘काफे तूबा’ म्हणतात तिला. तूबा हे शेख बांबांचं गाव. कॉफीच्या बियांबरोबर ‘जार’ नावाचा आफ्रिकी मिरीचा प्रकार भाजून कुटतात. पहिला घोट घेतला की नाकात झणका जातो. आपल्याकडे सुंठ-मिऱ्याचा काढा पिऊन वाढलेल्यांना ती लगेच आवडते. ही कॉफी शेख बांबांनीच रूढ केली असं भाविक सांगतात. घोटाबरोबर तेवढी श्रद्धा असतेच.

नमाज होते. खाणावळीच्याच मागच्या भागात चटया अंथरून काहीजण उरकतात, काही समोरच्या मशिदीत जाऊन येतात. मग खरं जेवण.

आता सेनेगलच्या जेवणाचा राजा. त्याचं नाव ‘चेबू जेन’. चेब म्हणजे भात, जेन म्हणजे मासा. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवी वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा सेनेगलमध्ये सण झाला. ते करायला अर्धा दिवस लागतो. जाड माशाच्या तुकड्यांना चिरा पाडून त्यांत कोथिंबिरीच्या कुळातली पार्सलीची पानं, लसूण आणि मिरची यांचं वाटण ठासतात. मासा तळून काढायचा. त्याच तेलात कांदा आणि टोमॅटोची पेस्ट इतका वेळ परतायची की रंग विटेसारखा व्हावा. मग पाणी. त्यात कसावा नावाचा कंद, गाजर, कोबीचा अख्खा चतकोर, वांगं, भेंडी, चिंच. आणि चवीसाठी सुकवलेल्या, आंबवलेल्या मासळीचा तुकडा. वास उग्र. कोकणातल्या माणसाला सुकटाची आठवण येईल, बाकीच्यांनी जरा धीर धरावा. भाज्या शिजल्या की काढून ठेवतात आणि त्या रश्शात भात शिजवतात. वर अख्खी मिरची ठेवतात. ज्याला सोसेल त्यानं ती बोटानं दाबावी.

तळाशी लागून कुरकुरीत झालेल्या भाताला त्यांच्याकडे ‘खोन्य’ म्हणतात. आपली खरवड! आपल्या घरी भांड्याच्या तळाची खरवड कुणी खायची यावरून भावंडांत भांडणं होत, ती तिथंही होतात. खाणावळीत ती मागावी लागते, आणि मागणाऱ्या परक्याकडे स्वयंपाकीण बाई जरा आदरानं बघते. याला कळतं, असा तो आदर.

पण या ताटातली मराठी माणसाला चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. हा भात तुकड्यांचा असतो. म्हणजे कणीचा.

भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमध्ये किंवा कोकणातल्या घरात कणी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. भात सडताना तुटलेला दाणा. तो कोंबड्यांना जातो, आजाऱ्याच्या पेजेला जातो, फार तर घावनाच्या पिठात मिसळतो. पाहुण्यांच्या पानात कणीचा भात वाढणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं. आणि इथं, जगाच्या दुसऱ्या टोकाला, पाहुण्यासाठी अर्धा दिवस खपून केलेला मानाचा पदार्थ कणीशिवाय होतच नाही. सेनेगलच्या बायका सांगतात, अख्खा दाणा मोकळा राहतो, रस्सा पीत नाही. तुटलेला दाणा पितो.

कणी सेनेगलला पोचली ती आवडीनं नव्हे. फ्रेंचांचं राज्य होतं, तेव्हा त्यांना सेनेगलमधून हवे होते भुईमुगाचे दाणे, फ्रान्समधल्या तेलाच्या आणि साबणाच्या कारखान्यांसाठी. शेतकऱ्यानं बाजरी-ज्वारी कमी करून भुईमूग लावावा, यासाठी त्याच्या पोटाची सोय दुसरीकडून करायला हवी. ती सोय फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचीनमध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियात झाली. तिथल्या गिरण्यांत चांगला तांदूळ वेगळा काढून उरलेली कणी स्वस्तात जहाजात भरली आणि डाकारच्या बंदरात उतरवली. गरिबाच्या गळ्यात टाकलेला हा उरलासुरला माल. सेनेगलच्या बायकांनी त्याचं काय केलं, ते आता युनेस्कोच्या यादीत आहे. सेंट लुई शहरातल्या पेंडा म्बाय नावाच्या स्वयंपाकिणीनं हा पदार्थ पहिल्यांदा केला असं तिथं घरोघर सांगतात.

फ्रेंच गेले, भुईमुगाचे भाव पडले, कणी राहिली. आणि गेल्या काही वर्षांत डाकारच्या बाजारात उतरणाऱ्या कणीच्या पोत्यांवर बऱ्याचदा भारताचं नाव असतं. जगात सर्वांत जास्त तांदूळ निर्यात करणारा देश आपण, आणि त्यातली कणी घेणाऱ्यांत सेनेगल आघाडीवर. आंध्रच्या काकीनाडा बंदरातून ही जहाजं निघतात. हार्लेममध्ये मिळणारी कणी बहुधा थायलंडची असते, पण या खाणावळीत बसलेल्या प्रत्येकाचं घर तिकडं आहे. घरी पाठवलेल्या डॉलरमधून पहिलं काय येत असेल तर तांदळाचं पोतं.

म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये भारत सरकारनं कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, ती बातमी आपल्याकडे आतल्या पानावर कुठंतरी आली, पण या टेबलांवर तिची चर्चा झाली नसेल असं होणं नाही. आपल्या सरकारपुढेही अडचण होती. त्या वर्षी पावसानं दगा दिला, भाताची लावणी घटली, कोंबड्यांचं आणि जनावरांचं खाद्य महागलं. कणी देशात राहावी, असं ठरलं. एका देशात कोंबडीच्या खाद्याचा हिशेब, दुसऱ्या देशात माणसाच्या ताटाचा! पुढच्या वर्षी सेनेगल, गाम्बिया अशा देशांना सरकारी विनंतीवरून ठरावीक साठा देण्याची वाट निघाली. बंदी पूर्ण उठली ती मार्च २०२५ मध्ये. योगायोगानं तो रमजानचाच महिना होता. गल्लीतल्या दुकानात कणी किती रुपये किलो, याच्याशी आपला संबंध क्वचित येतो. डाकारच्या आईचा रोज येतो.

असं एकदा लक्षात आलं की ताटातल्या इतर ओळखीही पटापट लागत जातात. लालभडक सरबत येतं, ‘बिसाप’. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. ‘आक्रा’ नावाची गरम भजी येतात, ती भिजवून साल काढलेल्या चवळीच्या पिठाची. चवळी मुळात पश्चिम आफ्रिकेतलीच, आणि बाजरीही. साडेचार हजार वर्षांपूर्वी आजच्या माली देशाच्या परिसरात लोक बाजरी पेरत होते. तिथून ती आपल्याकडे आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला आपण जी तीळ लावलेली भाकरी खातो, तिचं माहेर तिकडचं! खाणावळीत तीच बाजरी शेवटी गोड होऊन येते. वाफवलेल्या बाजरीच्या बारीक गोळ्या घट्ट दह्यात, साखर आणि जायफळ घालून. नाव ‘चाक्री’. मटण दाण्याच्या कुटाच्या दाट रश्शात शिजवलेलं असतं, त्याला ‘माफे’ म्हणतात. उपासाची दाण्याची आमटी खाणाऱ्याला तो रस्सा कळायला वेळ लागत नाही, फक्त मटण विसरायचं.

शाकाहारी वाचक इथं विचारतील, आमच्यासाठी काय? खरं सांगायचं तर बेताचंच. चेबू जेनच्या भातात माशाचाच रस्सा असतो, वरचा मासा बाजूला काढून उपयोग नाही. आक्रा, तळलेली पिकी राजेळी केळी, पावात भरलेली चवळीची उसळ, चाक्री, सरबतं, एवढ्यावर पोट भरतं. आधी विचारावं. ‘मांस नाही, मासाही नाही’ असं दोन वेळा सांगावं लागतं, पण एकदा कळलं की बाई स्वतः येऊन कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही ते बोटानं दाखवते.

खाणावळीत गोंगाट असतो. टीव्हीवर डाकारचं चॅनल किंवा फुटबॉल. आणि शिव्या. म्हणजे ऐकणाऱ्याला शिव्याच वाटतात. गिऱ्हाईक आत आलं, आडनाव कळलं की वाढणारा ओरडतो, ‘‘आला बघा भातखाऊ! आज कुणाला काही उरणार नाही!’’ गिऱ्हाईक उलट ओरडतं, ‘‘तुझ्या आज्यानं माझ्या आज्याकडे चाकरी केली आहे, गपचूप वाढ.’’ सगळे हसतात. सेनेगलमध्ये ठरावीक आडनावांत ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. जोप दिसला की न्जायनं त्याला खादाड म्हणायचं, न्जाय दिसला की जोपनं. रागावायचं नाही. आपल्याकडे दीर-भावजय किंवा मेहुण्यांच्यात जशी मुभा असते तशी ही दोन अख्ख्या कुळांतली मुभा. अनोळखी शहरात, अनोळखी माणसाशी दोन मिनिटांत नातं जुळवण्याची याहून सोपी युक्ती नसेल. परक्या पाहुण्यालाही ते कधीकधी आपलं एखादं आडनाव देऊन टाकतात, म्हणजे त्याचीही थट्टा करता यावी.

एरवी खाणावळीत ज्याचं त्याचं ताट वेगळं. पण रमजानमध्ये चारपाच जण एकत्र बसले की मोठं गोल तबक मध्ये येतं, घरी येतं तसं. मग घरचेच नियम लागू होतात. उजवा हात किंवा चमचा. आपल्या पुढ्यातलंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. ही हदीसमधली शिकवण तिथं पोरांना बोलायला लागायच्या आधी कळते. लहान मुलानं डाव्या हातानं तबकाची कड धरायची, म्हणजे तबक हलत नाही आणि डावा हात अडकून राहतो. मासा आणि भाज्या मध्यभागी. त्यांना कुणी स्वतः हात लावत नाही. घरची बाई, किंवा बसलेल्यांतलं वडीलधारं माणूस, तुकडे मोडून एकेकाच्या पुढ्यात सरकवतं. सगळ्यात चांगला तुकडा पाहुण्याच्या बाजूला. पाहुण्याला वाटतं आपण आपलंच खातोय, आणि पुढ्यातला मासा काही संपत नाही. ज्याचं पोट भरलं त्यानं उठायचं, म्हणजे उरलेल्यांना जागा होते.

दाऊदी बोहरा घरांत थाळाभोवती आठ जण बसतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. इतरांना एका ताटात जेवणं म्हणजे नवरा-बायको किंवा जिवलग मित्र एवढंच ठाऊक.

सेनेगलमध्ये शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोक मुसलमान आहेत. तरी देश स्वतंत्र झाल्यावर १९६० ते १९८० अशी वीस वर्षं त्यांचे राष्ट्राध्यक्ष होते लिओपोल्ड सेंघोर, कॅथलिक ख्रिश्चन आणि फ्रेंचमधले मोठे कवी. तिथं गुड फ्रायडेला ख्रिश्चन घरांत ‘न्गलाख’ नावाची खीर मोठमोठ्या पातेल्यांत करतात आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे डबे जातात. बकरी ईदला तिकडून मटण येतं. आपल्याकडे दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा यांची जशी ये-जा असते, अजून काही गल्ल्यांत आहे, तशी. या खिरीत काय असतं? बाजरी, दाण्याचं कूट आणि गोरखचिंचेचा गर. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्यांनी तो हत्तीच्या पायासारखा फुगलेला बुंधा पाहिला असेल, त्यांना गोरखचिंच आठवेल. तीही आफ्रिकेतलीच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. रमजानच्या पानावर इथंच थांबायची रीत आहे. पण या रस्त्याच्या पश्चिम टोकाला, टेकाडावर, जे विद्यापीठ आहे, त्याची आठवण झाली की थांबता येत नाही.

१९१३ ते १९१६ या काळात बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक विद्यार्थी तिथं शिकत होता, भीमराव आंबेडकर. तेव्हा खालच्या रस्त्यावर सेनेगली खाणावळी नव्हत्या. पण ज्या देशात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथून येऊन ते कोलंबियात इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीनं राहिले. तिथल्या सहाध्यायांबद्दल आणि जॉन ड्यूईंसारख्या शिक्षकांबद्दल ते पुढं आयुष्यभर आपुलकीनं बोलले. तेच आंबेडकर १९३६ मध्ये ‘जातिभेद निर्मूलन’ या न होऊ शकलेल्या भाषणात लिहितात की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. एकत्र जेवणाऱ्या जातीही आहेत, त्यांच्यातली जात गेलेली नाही. रक्ताचं नातं जुळल्याशिवाय, म्हणजे लग्नं झाल्याशिवाय, आपलेपणा येत नाही.

ही कसोटी त्या गोल तबकालाही लावून पाहावी लागते. वोलोफ समाजात ‘गेर’ आणि ‘न्येन्यो’ असे दोन मोठे गट आहेत. गेर म्हणजे जमीनवाले, प्रतिष्ठित. न्येन्यो म्हणजे लोहार-सोनार, चामड्याचं काम करणारे आणि ‘गेवेल’, आपल्या भाटांसारखे वंशावळ्या गाणारे. धंदा सोडून पिढ्या झाल्या तरी आडनावावरून कळतं. मशिदीत एका ओळीत उभं राहणं आहे, एका तबकात जेवणं आहे. कायद्यानं सगळे सारखे. पण गेर मुलीनं गेवेल मुलाशी लग्न करायचं म्हटलं, की आजही कितीतरी घरांत आई आजारी पडते आणि मामा विमानाचं तिकीट काढतो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्याही वाट्याला हे येतं.

मराठी मुसलमानानं यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या बिरादऱ्या आहेत, मुस्लिम ओबीसी चळवळीनं त्या नावानिशी मांडल्या. जकात कुणाला द्यायची याची यादी करताना आठवणारी गल्ली, सोयरिकीच्या यादीत आठवत नाही. आणि शहरातल्या इफ्तार पार्ट्या? पुढाऱ्यांच्या डोक्याला नवी टोपी, हातात खजूर, फोटो, आणि पंधरा मिनिटांत मांडव रिकामा. त्या मांडवात एका ताटात कुणी जेवत नाही. तबकाची गोष्टच सोडा.

तरी त्या तबकाचं मोल उरतंच. सहभोजन पुरेसं नाही, असं म्हणणारे आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेच होते. पहिली पायरी ती. न्यूयॉर्कमध्ये या पायरीलाही भाडं भरावं लागतं. गेल्या काही वर्षांत हार्लेममधल्या जागांचे भाव चढत गेले. ‘आफ्रिका किने’ हे सेनेगली लोकांचं माहेरघर मानलं जाणारं रेस्टॉरंट १९९० च्या दशकापासून ११६ व्या रस्त्यावर होतं. भाड्यापायी २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी ती जागा सोडली आणि पुढं उत्तरेकडे सातव्या अव्हेन्यूवर नवी मांडली. काही छोट्या खाणावळी मात्र उठल्या त्या उठल्याच. त्या जागी काचेची कॉफीची दुकानं आली. तिथं बाहेरून बघणाऱ्याला आतलं कुणी ‘काय लेक’ म्हणत नाही.

जेवण झालं तरी उठायची घाई नसते. तरावीहला वेळ असतो. कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर चहाची छोटी किटली चढते. हा ‘अताया’. हिरव्या चहाच्या कडक पत्त्या, पुदिना, साखर. उंचावरून एका पेल्यातून दुसऱ्यात इतक्या वेळा ओततात की वर फेसाची टोपी येते. तोच चहा तीनदा उकळायचा. पहिला पेला कडू, दुसऱ्यात साखर वाढते, तिसरा गोड आणि पुदिन्याचा. तिन्ही होईपर्यंत तासभर जातो. मधल्या वेळात देशातल्या राजकारणाची, पोरांच्या शाळेची, कागदपत्रांच्या तारखांची बोलणी होतात. कागदपत्रांचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

चुकलेला मुलगा पहिल्या पेल्यानंतर उठू लागतो. शेजारचा टॅक्सीवाला त्याचा हात धरून खाली बसवतो. एका पेल्यावर उठून जात नाहीत म्हणे. तिसरा पेला होतो. बिलात पाहिलं तर फक्त चाक्रीचे पैसे लावलेले. तबकातल्या जेवणाचे कुणी मागितलेच नाहीत. स्वयंपाकीण बाई आतून येते, फॉइलच्या डब्यात खरवड बांधून हातात देते आणि रस्त्याच्या पश्चिमेला बोट दाखवते. विद्यापीठ तिकडं. बागेत शिरलं की पायऱ्या लागतील, बऱ्याच आहेत, थंडीत जपून चढ. आणि पुढच्या वेळी १ नंबरची गाडी घे.

मग दारापर्यंत येऊन ती स्वतःच म्हणते, नाहीतर चुकच पुन्हा.